भांडणमोहाखालचा खराटा

पळसडोहच्या जंगलातलं मोहाचं एखादं झाड कोणाचं, हे तलाठ्याला विचारून उपयोग नव्हता. झाडाखाली कोणाचा खराटा फिरतो ते बघायचं. शिमगा झाला, की ज्या घरची बाई झाडाखालचा पाला झाडून काढील, त्या घरचा त्या वर्षीचा मोह. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि ती मोडायची छातीही कोणाची नव्हती. पोरांनी दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीतला हरभरा उपटून खाल्ला तर माणसं हसून सोडून द्यायची. पण दुसऱ्याच्या मोहाखाली खराटा लावला, की गाव बसायचं पंचायतीला.

मूलहून चंद्रपूरकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळलं, की अंधारी अभयारण्याच्या कडेला हे गाव. धानाच्या बांध्या, एक जुना तलाव आणि मग लगेच जंगल, त्यातून जाणारा एक नाला. गुणाबाई लग्न होऊन इथं आली तेव्हा सासूनं तिला आधी चूल दाखवली नव्हती, मोह दाखवले होते. हातात खराटा देऊन म्हातारी पुढं चालली होती आणि एकेका झाडाच्या खोडावर थाप मारत सांगत होती, "हा गोड. हा उशिरा गळते. ह्याच्याखाली अस्वल येते, एकटी येजो नोको." त्या सकाळी गुणाबाईला हे घर आपलं वाटलं होतं. आता तिचा चैतू लग्नाचा झाला होता, आणि आपणही सुनेला असंच हाताला धरून जंगलात न्यायचं, हे तिनं मनाशी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

पण मधल्या वर्षांत माणसं घाईला आली होती. चैताच्या उन्हात एवढा पाला झाडायचा कोणी? काडी ओढून टाकली, की झाडाखालचा पाला भुर्रकन जळतो आणि काळ्या भुईवर मोहाची पिवळी फुलं कशी मोत्यासारखी दिसतात. वेचायला सोपं. एकीनं केलं, दुसरीनं पाहिलं. खराटे घरी राहिले आणि पदराच्या गाठीला आगपेट्या आल्या. काडी लावून बाई टोपली भरायची, डोक्यावर घेऊन घरी यायची. मागं राहिलेली ठिणगी मात्र घरी येत नसे. ती वाऱ्याबरोबर निघायची आणि बांबूच्या बेटांतून, सागाच्या पाल्यातून पार डोंगरापर्यंत जायची. संध्याकाळी गाव अंगणात उभं राहून म्हणायचं, "कोणी लावली असन गा आग?" आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात नाल्याच्या पलीकडचं सगळं जंगल असंच गेलं. पुढच्या हिवाळ्यात रेंजर साहेब गावात आले. शाळेच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "काडी कोणी लावली ते मला माहीत नाही. कशासाठी लावली ते माहीत आहे."

बायकांनी पदर पुढं ओढले.

"मी भांडायला आलेलो नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या गावाची वनसमिती झाली आहे. नाल्याच्या अलीकडचा उरलेला तुकडा या उन्हाळ्यात तुम्ही राखून दाखवा. पाऊस पडेपर्यंत तिथं आग शिरली नाही, तर पुढंही तो तुमच्याच समितीनं राखायचा, आणि मोह वेचायला तुम्हाला कोणी अडवणार नाही. एवढं मी वरून मिळवून आणलं आहे. पण आग शिरली, तर मोहासाठी आत जाणं बंद. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

समितीचे अध्यक्ष नानाजी. पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी गावाकडं पाहिलं. मोह बंद म्हणजे काय, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. मोहाची फुलं पोटात, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल दिव्यात, आणि मोहावाचून देवही निवद घेत नाही.

गुणाबाईच्या डोळ्यांपुढं सून उभी राहिली. अजून पाहिलेलीही नव्हती ती. पण उभी राहिली, आणि तिला दाखवायला गुणाबाईजवळ फक्त चूल होती.

"आमी झाडू," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "पयले बुढ्या झाडत होत्या ना? आमाले काय लकवा मारला का?"

"मंग काड्या कोणाच्या पदरात हायेत?" कोणीतरी पुरुषांतून बोललं.

"तुमच्या बिड्या पेटवायले ठेवतो आमी!" गुणाबाईनं सुनावलं आणि गाव हसलं. तिचा नवरा मुखरू मान खाली घालून हसला, कारण टोमणा त्यालाच होता.

हसली नाही ती एकच बाई. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली सोमारी. ती गुणाबाईची धाकटी जाऊ.

सोमारी आणि गुणाबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. किती वर्षं, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. पण भांडण कशावरून, हे गावातल्या लहान पोट्ट्यालाही ठाऊक होतं. नाल्याच्या वळणावर एक मोह होता. असा मोह आजूबाजूच्या गावांत नव्हता. दोघा माणसांच्या कवेत न मावणारं खोड, आणि फुलं लिंबाएवढी, मधानं जड. म्हातारीचा हा लाडका मोह. धडधाकट होती तेव्हा तिनं एका दुपारी गुणाबाईला सांगितलं, "गुणा, वळणावरचा मोह तुहा." मग अंथरुणाला लागली, आणि तिथं सोमारीला सांगितलं, "सोमारे, वळणावरचा मोह तुहा." तेरवीच्या जेवणाच्या पत्रावळी उचलायच्या आधीच दोन्ही सुना एकमेकींना खोटारडी म्हणून मोकळ्या झाल्या. भाऊ बिचारे एका विहिरीचं पाणी पीत राहिले. जावांनी मात्र अंगणात मधोमध काड्यांचा कूड घातला.

तेव्हापासून बोलायचं झालं तर कोंबडीशी बोलायच्या. गुणाबाई कोंबडीला म्हणायची, "दुसऱ्याच्या दाण्यावर चोच मारतं का वं, लाज नाई वाटत तुले?" आणि कुडापलीकडून सोमारी तिच्या बकरीला म्हणायची, "ऐकू नोको बाई तू. मोठ्या घरच्या कोंबड्या लय कलकल करतात."

आणि मोह? मोह कोणाचाच नव्हता. गुणाबाई खराटा घेऊन गेली की सोमारी वाटेत उभी, सोमारी गेली की गुणाबाई. गावातली तिसरी बाई तिथं झाडायला धजावत नसे. झाडलं म्हणजे मालकी सांगितली, आणि दोन्ही जावांचं वैर अंगावर घेतलं. म्हणून वर्षानुवर्षं त्या झाडाखाली पाला साचत गेला आणि सगळ्या जंगलातली गोड फुलं अस्वलं खात गेली. लोक त्याला भांडणमोह म्हणायला लागले.

शिमगा झाला. होळीची राख कपाळाला लावून बायका खराटे घेऊन निघाल्या. आगपेट्या नानाजींनी देवीच्या ठाण्याजवळ एका मडक्यात टाकायला लावल्या होत्या आणि मडक्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवला होता.

पहिले काही दिवस पाठी मोडल्या. मग काय झालं, कसं झालं, गुणाबाईनं एका सकाळी शेणाची बादली नेली आणि आपल्या मोहाखालची भुई घरच्या अंगणासारखी सारवून काढली. फुलं गळाली ती स्वच्छ. ना माती, ना राख, ना जळका पाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झाडाखालीही सारवण. तिसऱ्या दिवशी एकीनं सारवणाभोवती पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. झालं! बायकाच त्या, एकीच्या अंगणाहून दुसरीचं अंगण कमी कसं दिसेल? महिनाभरात नाल्याकाठचा जुना गाडरस्ता ओळखू येईना. मोहामागून मोह, आणि प्रत्येकाखाली गोल, लिंपलेलं अंगण.

वनरक्षक धनराज सायकल हातात धरून ते बघत उभा राहिला. तो मूल तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याचा मुलगा. "बाई," तो गुणाबाईला म्हणाला, "आमी जानेवारीत आग अडवायले जाळरेषा काढतो. मार्चमध्ये पुन्हा पाला पडते आन् रेषा बुजते. तुमी तं रोजच झाडून राह्यल्या. ही अंगणं एकमेकाले जोडली ना, त नाल्यावरून आग अलीकडं येऊच शकत नाई."

गुणाबाईनं कपाळावरचा घाम पुसला. "जोडू ना मंग. अंगणाला अंगण जोडायले काय लागते?"

अंगणांच्या मधला पाला झाडायला पुरुषही आले. मुखरूनं कुऱ्हाडीनं झुडपं काढली. गावाच्या सीमेपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, नाल्याच्या काठानं, स्वच्छ पट्टा निघाला. आणि मधोमध, वळणावर, भांडणमोह. त्याच्याखाली गुडघाभर पाला.

नानाजी आधी गुणाबाईकडं गेले. "बाई, तेवढा एक मोह..."

"मी आताच झाडतो नानाजी. माह्याच हाये थो. पण थ्या बाईनं मधात याले नाई पायजे."

मग सोमारीकडं. सोमारी तांदूळ पाखडत होती. "झाडतो ना जी. बुढीनं मले देला मरता मरता. मरतं माणूस खोटं बोलते का? त्या बाईले सांगा, दूर राय."

नानाजींबरोबर आलेला धनराज वैतागला आणि त्यानं खराटा उचलला. "राहू द्या, मीच झाडून टाकतो."

हे मात्र दोघींनीही एकदमच ऐकलं, कुडाच्या अलीकडून आणि पलीकडून, आणि दोघी एकदमच ओरडल्या, "हात नोको लावू!" धनराजनं, म्हणजे सरकारी माणसानं खराटा लावला, तर रीतीप्रमाणं मोह सरकारचा झाला असता. मग म्हातारीनं स्वर्गात डोकं आपटून घेतलं असतं.

धनराजनं खराटा खाली ठेवला. रीत तो जाणून होता. रात्री मुखरू बायकोला म्हणाला, "गुणा, एका झाडापायी पुरं जंगल जाईन वं." ती भिंतीकडं तोंड करून झोपली. ती झोपली नव्हती, हे त्यालाही कळलं.

चैत सरत आला. उन्हानं पळस काळे दिसायला लागले, नाला कोरडा पडला आणि त्याच्या पात्रात पाला साचला. मोहाची फुलं अंगणाअंगणांत वाळत होती. त्या दिवशी सकाळीच नूर मोहम्मद आला. मूलच्या बाजारातला हा मोहफुलांचा व्यापारी; वर्षानुवर्षं येणारा, बायकांना बाई आणि म्हाताऱ्यांना भाऊ म्हणणारा. त्याची जुनी मोटारसायकल गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. त्यानं गुणाबाईच्या अंगणातली मूठभर फुलं उचलून उन्हात धरली.

"अरे वा बाई! ना माती, ना राख. हे काय मोहफुल हाये का मनुका? माही बायको जाहिदा म्हनते, तुम्ही आणलेले फुलं धुवायलेच माह्या जलम गेला. तिले दाखवतो आता."

"दाखवा, दाखवा. आन् वजनात बोट नोका लावू."

"तोबा तोबा! माह्या बोटाले वजनच नाई, पाहा किती बारीक हाये!"

हसत हसत तो बारदाने आणायला मोटारसायकलकडं वळला आणि तिथंच थबकला. नाक वर करून उभा राहिला. "बाई... धूर कायचा हाये?"

रस्त्याच्या बाजूनं, नाल्यापलीकडच्या गवतातून, पिवळट धूर उठत होता. रस्त्यानं जाणाऱ्या कोणाची तरी बिडी, की थांबलेल्या एखाद्या ट्रकवाल्याची चूल, देव जाणे. वारा गावाकडं होता.

नानाजींनी देवीजवळचा ढोल वाजवायला लावला. गाव पळालं. कोणी घागरी घेतल्या, कोणी हिरव्या डहाळ्या तोडल्या, बायकांनी खराटे उचलले. धनराज सायकल टाकून रस्त्याच्या बाजूनं धावला, रेंजर साहेबांना निरोप द्यायला आणि तिकडून आग दाबायला. नूर मोहम्मदनं मागंपुढं पाहिलं नाही; बारदाने बादलीत बुचकळले आणि खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मागं निघाला.

आग नाल्यावर आली तेव्हा तिचा आवाज आधी आला. तडतड, तडतड, जणू कोणी मोठ्या कढईत लाह्या भाजत आहे. कोरड्या पात्रातला पाला तिनं एका घासात खाल्ला आणि अलीकडच्या काठावर चढली. गुणाबाई आपल्या मोहाखाली खराटा घट्ट धरून उभी होती. ज्वाळा सारवणाच्या काठापर्यंत आल्या, पांढऱ्या मातीच्या पट्ट्याजवळ थरथरल्या, इकडं तिकडं चाचपडल्या आणि खायला काही नाही म्हणून जागच्या जागी बसल्या. शेजारच्या अंगणाशीही तेच. त्याच्यापुढच्याशीही.

"थांबली! बापा, थांबली!" बायका ओरडल्या. कोणी खराटाच नाचवायला लागलं.

पण गुणाबाई वळणाकडं बघत होती. आगीलाही जणू वास लागला होता. काठाकाठानं ती सरकत होती, अंगणामागून अंगण सोडत, सरळ भांडणमोहाकडं. तिथं गुडघाभर पाला होता, आणि त्याच्या मागं बांबू, सागवान, डोंगर, सगळं.

त्या झाडापाशी कोणीही गेलं नव्हतं. शेजारच्या अंगणांत बायका खराटे घेऊन उभ्या होत्या, पण रीत पायात अडकली होती. धुरातही, आगीपुढंही, कोणाचा हात पुढं होत नव्हता.

गुणाबाईच्या मनात एकच आलं. आता मी झाडायला गेले, तर ती म्हणणार, आगीचं निमित्त करून मोह चोरला. आणि मग तिला चैतूची न पाहिलेली बायको दिसली, काळ्या खुंटांमधून खराटा घेऊन येणारी, आणि म्हातारीचा हात दिसला, खोडावर थाप मारणारा. म्हणू दे, काय म्हणायचं ते. ती पळाली.

वळणावर पोचली आणि पाहते तर पलीकडून सोमारी पळत येत होती. हातात खराटा. केस मोकळे झालेले. मोहाच्या दोन बाजूंना दोघी थांबल्या, एवढाच वेळ की पापणी लवावी. म्हातारी गेल्यापासून त्यांनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"तुमी तिकडून घ्या बाई," सोमारी धापा टाकत म्हणाली. "मी इकडून घेतो!"

गुणाबाईनं खराटा मारला. पाला कसला, वर्षानुवर्षांचा साचलेला कुजका थर. खराट्यानं हलेना, तर दोघी हातांनी ओढायला लागल्या, पदरांनी, पायांनी. ठिणग्या उडत होत्या. एक येऊन सोमारीच्या पदरावर बसली.

"सोमारे! पदर पेटला ना तुहा!" गुणाबाई झेपावली आणि तळहातांनी तो पदर चुरगळून विझवला. मग मागं वळून ती गावावर अशी ओरडली, की तसं ती कधी कोंबडीवरही ओरडली नव्हती. "पाहून काय राह्यल्या वं? ज्याच्या हाती खराटा हाये थ्यानं झाडा! झाडाचं मालक मंग ठरवू, आंधी झाड ठेवा!"

"हो वं, या!" सोमारीनंही हाक दिली. "बुढी काय म्हणन थे आमी पाहू!"

मग धरण फुटावं तसं गाव आलं. खराटेच खराटे. मुखरू आणि त्याचा धाकटा भाऊ कोलू कुदळीनं पाला उपसत होते, नानाजी डहाळीनं ज्वाळा झोडत होते, नूर मोहम्मद ओलं बारदान दाणदाण आपटत "हट! हट तेरी!" म्हणून आगीला जणू कुत्र्यासारखं हाकलत होता. भुई दिसायला लागली. आग पार काठापर्यंत आली. उष्णतेनं बायकांच्या भुवया होरपळल्या. पण तिच्यापुढं आता खराट्यांनी खरवडलेली नुसती लाल माती होती. ती पुटपुटली, धुमसली आणि तिथंच राख झाली.

रस्त्याकडून जीप आली तेव्हा रेंजर साहेबांचा सदरा काळा झाला होता. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी पलीकडची बाजू दाबून धरली होती. ते नाल्यातून चालत आले. पलीकडे सगळं काळं, अलीकडे सगळं हिरवं, आणि मधे अंगणांची ओळ, सारवलेली, पांढऱ्या पट्ट्यांची, एखाद्या लांबलचक गावाच्या दारात असावी तशी. मग एका अंगणाशी आल्यावर त्यांनी बूट काढले.

"बूट काऊन काढता जी?" गुणाबाईनं विचारलं.

"सारवलेल्या अंगणात बुटानं जातं का कोणी?" साहेब म्हणाले. "नानाजी, हे जंगल तुमचं. राखा."

ढोल पुन्हा वाजला. या वेळी बायका खराटे डोक्यावर धरून नाचल्या. त्यांच्या तोंडांना काजळी लागली होती आणि कोण कोणाची सून ते ओळखू येत नव्हतं.

नाच थांबला आणि गाव भानावर आलं. सगळ्यांनी भांडणमोहाकडं पाहिलं. रीतीप्रमाणं ज्यानं झाडलं, त्याचा मोह. आणि आज झाडलं होतं सगळ्यांनी.

नानाजींनी मिशीवरून हात फिरवला. "आता हा मोह गावाचा झाला बाप्पा. दुसरा न्यायच नाई."

"गावाचाच काऊन?" नूर मोहम्मद बारदान पिळत म्हणाला. "मीबी तं झाडलो! माह्या वाटा मूलले पाठवजा."

सगळे हसत असताना सोमारी गुणाबाईजवळ आली. जळका पदर तिनं कमरेला खोचला होता. बोलावं की नाही, असं तिला झालं होतं. "बाई, एक सांगू? तुमी बुढीचे पाय रोज रगडत होत्या. मी तिले रोज झिंग्याचा रस्सा नेऊन देत होतो. मले वाटते... तिनं दोघीलेबी देला मोह. पाय रगडायले कोणी पायजे होतं, आन् रस्साबी पायजे होता."

गुणाबाईला हसू फुटलं, असं फुटलं की ती खोडाला टेकून खालीच बसली. "म्हणजे आपण दोघी खऱ्या!"

"खऱ्या ना. बुढीच लबाड!"

दोघी त्या झाडाखाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या आठवड्यात अंगणातला कूड मोडून गुणाबाईनं त्याच्या काड्या चुलीत घातल्या.

पाऊस आला. आग काही पुन्हा नाल्याअलीकडं आली नाही. पुढच्या हिवाळ्यात चैतूचं लग्न झालं, आणि शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या सुनेला, साधनाला, दोन सासवा जंगलात घेऊन गेल्या. एकीनं हात धरला होता, दुसरीनं खराटा. "हा गोड," गुणाबाई खोडावर थाप मारत म्हणाली. "हा उशिरा गळते," सोमारी म्हणाली. "चूक. उशिरा थो तिकडचा गळते." "तुमाले काय माईत?" साधना दोघींकडं बघत राहिली, तिला वाटलं, या भांडतात. हळूहळू तिला कळलं, की यांचं सुखाचं बोलणंही असंच असतं.

आणखी एकदोन मोसम गेले. जिथं जंगल सरकारचं असतं आणि ते राखणारं गाव असतं, अशा देशोदेशींच्या लोकांचा मेळावा अभयारण्याच्या दाराशी, मोहर्लीला, भरला. रेंजर साहेबांनी त्यांतली काही माणसं गाडीत घालून पळसडोहला आणली. ऐन मोहाच्या दिवसांत. कोणी आफ्रिकेतून आलेला उंच, काळाभोर माणूस, जो सिंहांच्या जंगलाशेजारी गुरं राखायचा. कोणी दूरच्या बेटावरचा, जो कासवांची अंडी राखायचा. आणि एक नेपाळची बाई. ती गुणाबाईच्याच वयाची, नाकात फुली, आणि तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. दहावी शिकलेली साधना मधे उभी राहून इकडचं तिकडं सांगत होती.

नेपाळची बाई म्हणाली, आमच्याकडं गेंड्याचं जंगल आहे. वर्षातून थोडे दिवस गवत कापायला आत सोडतात. बाकी वर्षभर ते आम्हीच राखतो.

"गवतावरून भांडणं होतात का म्हण तिले," सोमारीनं साधनाला टोचलं.

साधनानं विचारलं. बाई खळखळून हसली आणि दोन्ही हातांनी केस ओढल्याची खूण केली. ते मात्र साधनाला सांगावं लागलं नाही.

सगळे वळणावर आले. भांडणमोहाखालचं अंगण सर्वांत मोठं होतं, कारण ते सगळ्यांनी मिळून सारवलेलं होतं. वरून टपटप फुलं पडत होती. आफ्रिकेच्या माणसानं मान वर करून ते प्रचंड झाड पाहिलं आणि काहीतरी विचारलं. साहेबांनी मराठीत सांगितलं, "ते विचारतात, हे झाड कोणाचं?"

"माह्यं!" गुणाबाई म्हणाली.

"माह्यं!" सोमारी म्हणाली.

"माह्यं!" मुखरू, कोलू, नानाजी, सगळं गाव एकदम म्हणालं, आणि वजनकाटा घेऊन मागं उभा असलेला नूर मोहम्मद टाचा उंचावून ओरडला, "अन् माह्यंबी!"

पाहुण्यांना ते कळायला जरा वेळ लागला. नेपाळच्या बाईला मात्र साधनानं रीत समजावून सांगितली, झाडील त्याचा मोह. बाईनं ऐकून घेतलं. इकडं तिकडं पाहिलं. खोडाला टेकवून ठेवलेला गुणाबाईचा खराटा उचलला, पदर खोचला आणि वाकून दोन हात स्वच्छ झाडून काढले. झाडणं कसलं, सराईत हात होता.

सोमारीनं कपाळाला हात लावला.

"गेलं वं बाई," ती गुणाबाईला म्हणाली. "आता नेपाळचंबी झालं!"

हशाचा असा लोट उठला की झाडावरचे पोपट उडाले. गुणाबाईनं हसत हसत टोपली ओढली, ओंजळ भरभरून मोहफुलं त्या बाईच्या पदरात घातली, आणि पदर सुटू नये म्हणून आपल्या हातानं त्याची गाठ मारून दिली.

"वाटा हाये हा तुहा," ती म्हणाली. "पुढच्या शिमग्याले येजो. रीत हाये, झाडा लागते."